हिशेब कोणापुढे? कंपन्यांचे अहवाल, अमानत आणि हकदार

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यासंबंधी आहे (२:२८२). लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, सांगताना अल्लाहचे भय बाळगावे आणि त्यातून काहीही कमी करू नये, साक्षीदार ठेवावेत, व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लेखकाला अथवा साक्षीदाराला त्रास पोहोचू नये, अशा आज्ञा तिच्यात एकामागून एक येतात. साऱ्या मानवजातीच्या मार्गदर्शनासाठी अवतरलेल्या ग्रंथात हिशेबाच्या नोंदीला एवढी जागा का मिळाली असावी? कारण इस्लामच्या दृष्टीने व्यवहाराची नोंद ही एक साक्ष आहे. साक्ष खरी असेल तर दुर्बलाचा हक्क टिकतो. खोटी असेल तर सर्वांत आधी त्याचाच हक्क बुडतो.

वाचकहो, आपल्या काळात या साक्षीने एक प्रचंड रूप धारण केले आहे. दरवर्षी हजारो कंपन्या आपला वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतात. कोणी म्हणेल, आमच्या घरात शेअर नाहीत, मग या अहवालांशी आमचा संबंध काय? संबंध आहे. २०१५ पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा काही हिस्सा शेअर बाजारातील निधींत गुंतवला जातो. ही गुंतवणूक शरिअतच्या कसोटीवर कशी उतरते, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु ज्याने आयुष्यात एकही शेअर विकत घेतलेला नाही, त्या कामगाराच्या कमाईचा अंशही आज कंपन्यांच्या हाती असू शकतो, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय आपली मुले तेथे नोकरी करतात, आपले लघुउद्योग त्यांना माल पुरवतात, त्यांच्या कारखान्यांशेजारी आपल्या वस्त्या आहेत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे: कंपनीच्या अहवालातील प्रत्येक आकडा खरा असला, म्हणजे तो अहवाल खरा झाला का?

दोन वेगवेगळे अपराध

सूरह अल्-बकरामध्ये अल्लाहने बनी इस्राईलला उद्देशून दोन गोष्टींची मनाई केली आहे: सत्यात असत्य मिसळू नये आणि जाणूनबुजून सत्य लपवू नये (२:४२). या दोन गोष्टी एकच नाहीत. पहिली जगाला लवकर ओळखू येते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की, कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटी रुपयांहून अधिक रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. वर्षानुवर्षे त्या आकड्यांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत होत्या. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पुरस्कारही मिळाला होता. नाव ‘सत्यम’, आणि वहीत असत्य मिसळलेले! हा पहिला अपराध होय.

दुसरा अपराध अधिक सूक्ष्म आहे. समजा, कापड रंगवणारा एक कारखाना आहे. त्याच्या अहवालाच्या एका प्रकरणात लिहिले आहे की यंदा खर्च घटला व नफा वाढला. दुसऱ्या प्रकरणात सांडपाण्याची काही आकडेवारी आहे. तिसऱ्यात कामगारांच्या रजांचा तक्ता आहे. चौथ्यात जवळच्या गावाला पाण्याचे टँकर दिल्याचे छायाचित्र आहे. चारही प्रकरणे आपापल्या जागी खरी आहेत. पण खर्च घटला तो सांडपाण्याची प्रक्रिया अर्धवट ठेवल्यामुळे. त्यामुळे विहिरी बिघडल्या. त्यामुळे गावातीलच असलेले कामगार आजारी पडले आणि म्हणूनच टँकर द्यावे लागले, हे एकही प्रकरण सांगत नाही. प्रत्येक विभागाने आपले पान लिहिले आणि बांधणाऱ्याने ती पाने एकत्र शिवली. या अहवालात असत्य मिसळलेले नाही. परंतु सत्य लपवले गेले आहे. दोन खऱ्या वाक्यांच्या मधल्या जागेत ते दडले आहे.

येथे विचारण्याजोगा प्रश्न असा की, हे लपवणे नेहमी हेतुपुरस्सर असते का? पुष्कळदा नसते. लेखा विभागाला विहिरीची माहिती नसते आणि पर्यावरण विभागाला नफ्याचे कारण ठाऊक नसते. ज्या संस्थेचा विचारच तुकड्यांत चालतो, तिचा अहवाल अखंड कसा असणार? अहवालाचा दर्जा लेखणीवर ठरण्यापूर्वी विचारावर ठरतो, तो असा.

प्रेषितांनी घेतलेला हिशेब

या संदर्भात बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला एक प्रसंग मननीय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अज्द कबिल्यातील इब्नुल्-लुतबिय्या नावाच्या एका व्यक्तीला बनू सुलैम कबिल्याची जकात गोळा करण्यासाठी नेमले. तो परत आला तेव्हा त्याने आणलेल्या मालाचे दोन भाग केले. एक भाग जकातीचा म्हणून सुपूर्द केला आणि दुसऱ्याविषयी सांगितले की हा मला भेट म्हणून मिळाला आहे.

लक्षात घ्या, त्याने काहीही दडवले नव्हते. त्याचे दोन्ही आकडे उघड होते; आजच्या भाषेत त्याचा अहवाल पारदर्शक होता. तरीही प्रेषितांनी (स.) तो स्वीकारला नाही. त्यांनी विचारले की, हा मनुष्य आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का? नंतर त्यांनी मिंबरवरून लोकांना संबोधित करून या प्रकाराबद्दल कठोर इशारा दिला.

या एका प्रश्नाने दोन ढीग पुन्हा एक झाले. भेट आणि पद यांचा जो संबंध त्या व्यक्तीने आपल्या मनात तोडून टाकला होता, तो प्रेषितांनी (स.) जोडून दाखवला. हिशेबातील दोष आकड्यांत नव्हता, आकड्यांमागच्या विभागणीत होता. आज व्यवस्थापनशास्त्रात ज्याला ‘एकात्मिक विचार’ म्हणतात, त्याचे मर्म याहून वेगळे नाही. नफा कोठून आला? कोणाच्या श्रमातून, कोणाच्या पाण्यातून, कोणत्या अधिकाराच्या जोरावर? हे विचारल्याशिवाय नफ्याचा आकडा केवळ एक ढीग राहतो.

आधुनिक जगाने शोधलेली वाट

केवळ आर्थिक ताळेबंद अपुरा आहे, ही जाणीव अलीकडच्या काळात ज्या देशांत प्रबळ झाली, त्यांत दक्षिण आफ्रिका अग्रस्थानी होता. निवृत्त न्यायाधीश मर्व्हिन किंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ पासून कंपन्यांच्या कारभाराविषयी संहिता प्रसिद्ध केल्या. २००९ च्या तिसऱ्या संहितेने सुचवले की कंपन्यांनी आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय बाबींचा एकत्रित अहवाल द्यावा. २०१० पासून जोहान्सबर्ग शेअर बाजाराने नोंदणीकृत कंपन्यांसाठी हे तत्त्व लागू केले: असा अहवाल द्या, अथवा का देत नाही ते सांगा. त्याच वर्षी या विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली व डिसेंबर २०१३ मध्ये तिने आपली चौकट प्रसिद्ध केली.

या चौकटीने भांडवलाचे सहा प्रकार सांगितले: पैशाचे भांडवल, इमारती व यंत्रांसारखे निर्मित भांडवल, ज्ञान व कौशल्यपद्धती यांचे बौद्धिक भांडवल, माणसांचे भांडवल, समाजाशी असलेल्या नात्यांचे भांडवल, आणि हवा, पाणी, जमीन यांचे नैसर्गिक भांडवल. कंपनी या सहांपैकी काय घेते, त्याचे काय करते आणि परत काय ठेवते, हे परस्परसंबंधांसह सांगावे, अशी अपेक्षा आहे. एक भांडवल वाढवताना दुसरे झिजले असेल तर तेही लिहावे.

आपल्या परिभाषेत या सहांना एकच नाव आहे: अमानत. पैसा भागधारकांची अमानत, श्रम कामगाराची अमानत, पाणी व जमीन अल्लाहने साऱ्या सृष्टीसाठी सोपवलेली अमानत. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवा, ही कुरआनची आज्ञा आहे (४:५८). एकाची अमानत दुसऱ्याला देऊन ‘आम्ही विश्वास पाळला’ असे म्हणता येत नाही.

परंतु या चौकटीतही एक उणीव राहिली. अहवालाचा प्रमुख उद्देश पैसा पुरवणाऱ्यांना माहिती देणे हा आहे, असे तिने म्हटले. पाणी कोणाचेही असो, हिशेब प्रामुख्याने गुंतवणूकदाराला! ज्याची वस्तू घेतली त्याला हिशेब न देता भलत्यालाच दिला, तर तो कितीही नीटनेटका असला तरी अपुरा राहतो. हे तत्त्व कागदावर सहज पटते. त्याची किंमत काय असते, हे त्याच देशातील एका घटनेने दाखवून दिले.

तीन घरे

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात रस्टेनबर्ग शहराजवळ मारिकाना येथे प्लॅटिनमच्या खाणी आहेत. २०१२ साली तेथे लॉनमिन ही लंडनमध्ये मुख्यालय असलेली कंपनी काम करीत होती. जमिनीखाली खडक फोडणाऱ्या कामगारांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला. संपाच्या पहिल्या आठवड्यात दहा जण मारले गेले. त्यांत दोन पोलीस व दोन सुरक्षारक्षकही होते. १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि एकाच दिवशी ३४ कामगार ठार झाले. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतरच्या त्या देशातील पोलीस गोळीबाराची ही सर्वांत भीषण घटना होती.

निवृत्त न्यायाधीश इयान फार्लम यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोलिसांच्या कारवाईबरोबर कामगारांच्या राहणीमानाचाही विचार झाला. खाणकामाच्या परवान्याशी निगडित सामाजिक आराखड्यात कंपनीने कामगारांसाठी ५,५०० घरे बांधण्याचे वचन दिले होते. २००९ पर्यंत प्रत्यक्षात उभी राहिली ती तीन घरे, आणि तीही नमुना म्हणून दाखवायची. कंपनीचे म्हणणे होते की आर्थिक मंदीमुळे हे शक्य झाले नाही आणि कामगारांनाही अशी घरे विकत घेण्यात रस नव्हता. आयोगाला हा बचाव पटला नाही. घरांचे वचन न पाळल्याने तणावाला पोषक वातावरण निर्माण झाले, असा निष्कर्ष त्याने नोंदवला.

ही कंपनी अहवाल देत नव्हती का? देत होती. आपल्या शाश्वत विकासाचे अहवाल ती दरवर्षी प्रसिद्ध करीत असे. मग गुंतवणूकदाराला जे कळले नाही, ते कोणाला ठाऊक होते? पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या प्रत्येक खाण कामगाराला ठाऊक होते. त्या पट्ट्यातील वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलणाऱ्या बेंच मार्क्स फाउंडेशन या चर्चशी संबंधित संस्थेलाही ठाऊक होते. प्लॅटिनम कंपन्यांचे शब्द आणि वस्त्यांतील वास्तव यांत किती अंतर आहे, हे सांगणारा तिचा अहवाल गोळीबाराच्या दोनच दिवस आधी प्रसिद्ध झाला होता. साक्षीदार होते. त्यांची साक्ष कंपनीच्या वहीपर्यंत पोहोचत नव्हती.

ढिगात घातलेला हात

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (र.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी (स.) विचारले की, मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले.

वरचे धान्य खरोखरच कोरडे होते. पाऊस हा विक्रेत्याचा दोष नव्हता. दोष होता तो मांडणीत. कंपनीवरही अडचणी येतात, मंदी येते, अपघात होतात. त्या येणे हा गुन्हा नाही. त्यांना ढिगाच्या तळाशी ठेवून वर कोरडे दाणे पसरणे ही फसवणूक आहे.

या हदीसमध्ये आणखी एक बोध आहे. ओल डोळ्यांना दिसली नव्हती, हाताला लागली. केवळ पाहणाऱ्याला ढीग उत्तमच वाटला असता. इंग्रजीत ज्यांना स्टेकहोल्डर आणि मराठीत हितसंबंधी घटक म्हणतात, ते कामगार, कंत्राटी मजूर, ग्राहक, पुरवठादार, शेजारची वस्ती हेच ढिगात गेलेले हात आहेत. ओल कोठे आहे ते त्यांना ठाऊक असते, कारण ती त्यांच्याच बोटांना लागलेली असते. त्यांना आपण ‘हकदार’ म्हणू या. ‘हितसंबंध’ या शब्दात लाभाचा वास येतो. ‘हक’ या शब्दात अल्लाहने ठरवून दिलेले देणे आहे.

हकदारांच्या सहभागाने अहवालाचा दर्जा तीन मार्गांनी उंचावतो. पहिला, काय लिहायचे हे ठरवण्यात: कंपनीला जे किरकोळ वाटते ते कामगाराच्या दृष्टीने जीवनमरणाचे असू शकते, आणि विचारल्याशिवाय ते कळत नाही. दुसरा, लिहिलेले तपासण्यात: घरे बांधली म्हणणाऱ्याला ‘कोठे?’ असे विचारणारा माणूस असला की हात थबकतो. तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाचा आहे. हा अहवाल विहीर बिघडलेला शेतकरी वाचणार आहे, असे आधीपासून ठाऊक असेल तर संचालकांची बैठकच वेगळ्या रीतीने चालते. अहवाल लिहिण्याच्या कितीतरी आधी नफा आणि विहीर यांचा संबंध त्यांना जोडावा लागतो. एकात्मिक विचार आणि हकदारांचा आवाज या गोष्टी अशा परस्परावलंबी आहेत: विचार जोडलेला नसेल तर हकदाराचे ऐकूनही ते नोंदवहीच्या एका रकान्यात पडून राहते, हकदार बोलत नसेल तर विचार जोडण्याची गरजच कोणाला भासत नाही.

‘आमची मालमत्ता, आमची मर्जी’

या विचाराला विरोध जुना आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मापात पाप करू नका असे आपल्या लोकांना सांगितले, तेव्हा त्यांनी उपहासाने विचारले की, आमच्या मालमत्तेचे आम्हाला हवे ते करू नये, असे तुमची नमाज तुम्हाला शिकवते का (११:८७)? आधुनिक काळात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये एका प्रसिद्ध लेखात प्रतिपादन केले की, फसवणूक न करता व नियम पाळून नफा वाढवणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी आहे. न्यायबुद्धीने सांगायचे तर हे दोन्ही एक नव्हेत. फ्रीडमन यांनी फसवणुकीला वाव ठेवलेला नाही. या विचारसरणीची एक शंकाही विचारात घेण्याजोगी आहे: व्यवस्थापकाला दहा जणांपुढे उत्तर द्यायला सांगितले, तर तो एकाचे नाव सांगून दुसऱ्याला टाळील आणि शेवटी कोणालाच उत्तर देणार नाही.

या शंकेचे उत्तर असे की, हकदार अनेक असले तरी त्यांचे हक सारखे किंवा अस्पष्ट नाहीत. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण कामगाराचा हक सांगते. दोष उघड करण्याची शिकवण ग्राहकाचा हक सांगते. शेजाऱ्याला उपद्रव न देण्याची शिकवण वस्तीचा हक सांगते. कर्ता पुरुष एकाच वेळी आईवडील, पत्नी, मुले व शेजारी यांना उत्तरदायी असतो. म्हणून तो कोणालाच उत्तरदायी नाही, असे आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा की हकदारही स्वार्थी असतात, अतिशयोक्ती करतात. हे खरे आहे. म्हणूनच न्यायासाठी खंबीर उभे राहून साक्ष द्या, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना, आणि कोणी श्रीमंत आहे की गरीब याने डळमळू नका, ही आज्ञा (४:१३५) सर्वांनाच आहे. हकदाराचे ऐकणे म्हणजे त्याचे प्रत्येक म्हणणे मान्य करणे नव्हे. त्याची साक्ष नोंदीत येऊ देणे होय.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. फर्निचर विकणाऱ्या स्टाइनहॉफ या दक्षिण आफ्रिकेतील बलाढ्य समूहाने किंग संहितेच्या देशात एकात्मिक अहवाल प्रसिद्ध केले; तरीही डिसेंबर २०१७ मध्ये तो समूह कोसळला आणि पुढील तपासात सुमारे साडेसहा अब्ज युरोंचे बनावट व्यवहार आढळले. त्यात त्या देशातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचाही पैसा होता. यावरून अहवालाचे नवे स्वरूप निरुपयोगी ठरते का? तसे नाही. यावरून इतकेच सिद्ध होते की, स्वरूप उसने आणता येते, तक्वा उसना आणता येत नाही. नमाजीची हालचाल शिकता येते. तिच्यातली नम्रता आतून यावी लागते. तरीही हालचाल निरर्थक आहे, असे आपण म्हणत नाही.

आपल्या देशातील कायदा आणि खरा दिवाळखोर

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ ने संचालकांचे कर्तव्य केवळ भागधारकांपुरते ठेवलेले नाही. कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचे रक्षण यांचाही त्यात उल्लेख आहे. २०१७ मध्ये सेबीने मोठ्या कंपन्यांना ऐच्छिक एकात्मिक अहवालाची शिफारस केली. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना ‘बीआरएसआर’ या नावाने ओळखला जाणारा जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल बंधनकारक आहे. त्यात कायम व इतर कामगारांची संख्या, अपघात, पाण्याचा वापर, तसेच वस्ती, कामगार, ग्राहक यांच्याकडून आलेल्या व प्रलंबित राहिलेल्या तक्रारी नोंदवाव्या लागतात. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्या गावाजवळच्या मोठ्या कंपनीचा अहवाल सुशिक्षित तरुणांनी अवश्य उघडून पाहावा. तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसले तर लगेच समाधान मानू नये. तक्रार नसल्यामुळे शून्य येते, आणि तक्रारीला वाट नसल्यामुळेही शून्यच येते.

याच कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. यातून शाळा, दवाखाने उभे राहतात. हे स्वागतार्हच आहे. पण येथे एक जुनी हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना विचारले की दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा व सामान नाही तो. प्रेषितांनी (स.) सांगितले की, खरा दिवाळखोर कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील, आणि ती संपली तर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील.

त्या दिवसाच्या हिशेबात दानाचा रकाना वेगळा आणि बुडवलेल्या मजुरीचा रकाना वेगळा राहत नाही. दोन्ही एकमेकांसमोर मांडले जातात, आणि मांडताना हकदार समोर उभा असतो. ज्याने मजुराची मजुरी ठेवून घेतली आणि त्याच पैशातून त्याच्या गावात पाणपोई बांधली, त्याला पाणपोईच्या छायाचित्राने मुक्ती मिळत नाही.

आपली वही

वाचकहो, मोठ्या कंपन्यांचा न्याय करणे सोपे आहे. हाच मापदंड आपल्या हातातील वहीला लावणे कठीण आहे. आपल्या मशिदींचे, मदरशांचे व बैतुलमालचे हिशेब वर्षाला एकदा फलकावर लागतात. जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी. आकडे खरे असतात. पण वाढलेल्या शिलकीशेजारी इमाम व मुअज्जिन यांचे वेतन किती वर्षांत वाढलेले नाही, हे लिहिलेले असते का? वक्फच्या दुकानांचे भाडे बाजारभावाशी ताडून दाखवले जाते का? ज्या विधवांसाठी निधी आहे, त्यांना तो मिळण्यात काय अडचण येते, हे त्यांनाच विचारून नोंदवले जाते का? शिल्लक पाहून आपण समाधानाने घरी जातो. त्या शिलकीत कोणाची ओल दडली आहे, हे कोणी हात घालून पाहत नाही.

दुकानदार बंधूंनी वर्षाच्या नफ्याबरोबर स्वतःला विचारावे की कामावरच्या मुलाला सुटी किती मिळाली, उधारीवर माल देणाऱ्याला पैसे किती उशिरा दिले, दोष असलेला माल सांगून विकला की न सांगता. विश्वस्तांनी सर्वसाधारण सभेत इमामसाहेबांना आणि सफाई करणाऱ्या कामगारालाही बोलू द्यावे. आणि जो चूक दाखवतो त्याला ‘फितना पसरवणारा’ म्हणण्याची घाई करू नये. लेखकाला व साक्षीदाराला त्रास देऊ नका, ही आज्ञा दोनशे ब्याऐंशीव्या आयतीतच आहे.

शेवटी त्या अहवालाचे स्मरण ठेवू या, जो प्रत्येकाला उघडा करून दिला जाईल आणि ज्याचे वाचन त्याला स्वतःच करावे लागेल (१७:१३-१४). या जगात अहवाल तोंड सांगते आणि हात-पाय गप्प असतात. त्या दिवशी तोंडावर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील (३६:६५). या जगात जमीन मूक असते. त्या दिवशी ती आपल्यावर घडलेले सर्व वृत्त स्वतः कथन करील (९९:४). कणभर भलाई व कणभर बुराई, दोन्ही समोर येतील. त्या हिशेबात काहीही तुटक राहणार नाही आणि कोणताही हकदार अनुपस्थित नसेल. शहाणा तो, जो आपला आजचा हिशेब त्या हिशेबाच्या जाणिवेने लिहितो आणि हकदार दारात आहे तोवरच त्याला विचारून घेतो.

अल्लाह आपणा सर्वांना अमानती ओळखण्याची, त्या ज्यांच्या त्यांना पोहोचवण्याची आणि स्वतःविरुद्धही खरी साक्ष देण्याची सद्बुद्धी प्रदान करो. आमीन.